थोरलीचं रक्त

"तुमच्या हाडांमधल्या मज्जेत काही पेशी अशा सापडल्यात, ज्या तुमच्या नाहीत," डॉक्टर मुजावर म्हणाल्या.

ऋतुजाच्या मनात पहिला शब्द आला तो कॅन्सर. तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. प्रथमेशचाही चेहरा उतरला होता.

"घाबरू नका. सगळ्या तपासण्यांत चांगलं म्हणावं असं तेवढंच निघालंय," डॉक्टर म्हणाल्या आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

मिरजेच्या त्या रुग्णालयातला तो पडदा ऋतुजाला आता पाठ झाला होता. तिच्या पोटावर तळहाताएवढी एक पट्टी चिकटवलेली होती. पट्टीतून आवाजाच्या आणि उजेडाच्या बारीक लहरी पोटात जायच्या आणि वारेचं चित्र घेऊन परत यायच्या. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त जिच्या पातळ भिंतीवरून एकमेकांशी देवघेव करतं, ती वार. प्राणवायू पुरेसा पोचतो तो भाग पडद्यावर लाल दिसे, तुटवडा असेल तो निळा. ऋतुजाच्या वारेवर लाल अगदी कडेकडेला होतं. बाकी सगळं निळं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी प्रथमेशला विचारलं होतं, "तुमची द्राक्षबाग आहे ना? वेलीला पाणी कमी पडलं की मुळं काय करतात?"

"लांब जातात. पसरतात."

"वार तेच करते. आईचं रक्त पातळ झालं की ती पसरते, नव्या फांद्या काढते, आईच्या रक्तातलं लोह ओढून घ्यायला जास्त हात तयार करते. थोडे दिवस निभावतं त्याच्यावर. पण विहिरीलाच पाणी नसलं तर मुळांनी जायचं कुठं? शेवटी वार मोठी होते आणि बाळ लहान राहतं."

ऋतुजाला पाचवा महिना सरत आला होता आणि तिचं बाळ चौथ्याच महिन्याच्या मापाचं होतं. हिमोग्लोबिन सहाच्या खाली. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती कंट्रोल रूम सांभाळायची. आता तिथला एक जिना चढला तरी छातीत धडधडायचं. गोळ्या झाल्या, लोहाची इंजेक्शनं झाली, बीट, खजूर, नाचणी, सगळं झालं. उपयोग शून्य, कारण तिच्या शरीरात लोह कमी नव्हतंच. गरोदरपण सुरू झालं की तिची स्वतःचीच प्रतिकारशक्ती तिच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींवर उठत होती. बाहेरचं रक्त द्यावं, तर पहिल्या बाळंतपणात घाईघाईनं चढवलेल्या बाटल्यांमुळे तिचं शरीर परक्या रक्ताला ओळखायला शिकलं होतं. आलेली प्रत्येक पिशवी ते मोडून टाकायचं.

पहिल्या बाळंतपणाला तीन वर्षं होऊन गेली होती. तेव्हा हे काहीच कुणाला कळलं नव्हतं. बायकांना रक्त कमी असतंच, असं म्हणून दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ऋतुजा कोसळली. मुलगी झाली. किलोभर वजनाची. ऋतुजा शुद्धीवर आली तेव्हा काचेच्या पेटीतलं मुलीचं पाच दिवसांचं आयुष्य संपूनही गेलं होतं. मुलीला तिनं पाहिलं नाही. प्रथमेश पाचही दिवस त्या पेटीपाशी बसून होता. पुढं एकदा तिनं विचारलं, "कशी होती ओ?" तो म्हणाला, "बारीक होती," आणि बागेत निघून गेला. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

"तर या पेशी," डॉक्टर मुजावर सांगत होत्या, "तुमची मज्जा जवळजवळ थंड पडलीये, पण एका कोपऱ्यात काही पेशी व्यवस्थित काम करताना दिसल्या. मी त्यांची जनुकं वाचून घेतली. अर्धी जनुकं तुमची आहेत. अर्धी यांची."

त्यांनी प्रथमेशकडे बोट केलं.

"पोटातल्या बाळाच्या?" प्रथमेशनं विचारलं.

"नाही. त्याच्याशी जुळवून पाहिलं. या आधीच्या बाळाच्या आहेत. मुलीच्या."

मग डॉक्टरांनी सावकाश समजावून सांगितलं. वारेची भिंत पातळ असते आणि ती पूर्ण बंद नसते. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी ती ओलांडून आईच्या रक्तात येतात. बहुतेक मरतात. काही मात्र आईच्या अंगात घर करतात, मज्जेत, यकृतात, कधी हृदयातसुद्धा, आणि वर्षानुवर्षं तिथं राहतात. हे विज्ञानाला जुनंच माहीत होतं. नवं होतं ते यंत्र. मज्जेतून अशा पेशी वेचून काढायच्या, उबदार द्रवात वाढवायच्या आणि त्यांच्यापासून लाल रक्त तयार करायचं.

"विरजण लावतात तसं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमचं शरीर ज्या खुणेवर चिडतं, ती खूण तुमच्या मुलीच्या पेशींवर नाही. गेली तीन वर्षं त्या तुमच्यात सुखानं राहिल्यात. त्यांचं रक्त तुम्ही मोडणार नाही, असं मला वाटतं."

"मग करूया," प्रथमेश लगेच म्हणाला. "कधी करायचं?"

ऋतुजाच्या डोळ्यांसमोर मात्र अजून डॉक्टरांचा मघाचाच शब्द होता. मुलीच्या.

"डॉक्टर, विरजण लावताना थोडं मागं ठेवतात," ती म्हणाली. "उद्यासाठी. तसं ठेवता येईल?"

डॉक्टर मुजावरांनी नकारार्थी मान हलवली. "मला खोटं सांगायचं नाही. सापडल्या तेवढ्या पेशी सगळ्या लागतील. त्याहून कमी घेतल्या तर त्या वाढतच नाहीत, मी प्रयत्न करून पाहिलेत. आणि अजून एक. लाल पेशी पक्व होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. प्राणवायूला जागा व्हावी म्हणून. जनुकं असतात ती त्या केंद्रकातच."

"म्हणजे ती कोण होती, हे त्यात राहणार नाही."

"नाही. तिचं काम राहील."

"आणि माझ्यात दुसरीकडं कुठं ती असेल?"

"असेलही. नसेलही. शोधायला मी तुमचं अख्खं शरीर उघडू शकत नाही."

ऋतुजानं विचार करायला दोन-तीन दिवस मागून घेतले. डॉक्टर म्हणाल्या, त्याहून जास्त थांबू नका.

परतताना गाडी कवलापूरला आली तेव्हा प्रथमेश म्हणाला, "विचार कसला करायचाय त्यात?"

"मला कळलंय आत्ता, तासाभरापूर्वी, की ती माझ्यात आहे. तीन वर्षं होती. मी कोल्ड स्टोरेजला जात होते, जेवत होते, झोपत होते, आणि ती होती. जरा राहू दे की मला तिच्याबरोबर."

"ऋतू, त्या पेशी आहेत. पोरगी नव्हे ती."

"पोटात आहे तेही पेशीच आहेत."

"ते वाढणार आहे. जन्माला येणार आहे."

"तुम्ही तिला बघितलंय," ऋतुजा म्हणाली. "पाच दिवस. तुम्हाला ती पुरली. माझ्या वाट्याला काय आलं? एवढंच आलंय."

प्रथमेश गाडी चालवत राहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांवर पांढरी प्लास्टिकची छतं पसरली होती. उन्हाळे वाढल्यापासून त्यांच्याशिवाय बागा टिकत नव्हत्या. त्याचं लक्ष त्या छतांवर होतं, की कशावरच नव्हतं, ते तिला कळलं नाही.

पुढचे दिवस ती अंगातल्या अंगात हिंडत राहिली. आंघोळ करताना कमरेच्या हाडावर हात ठेवून उभी राहायची. सुई तिथंच घातली होती. आरशात बघताना तिला वाटायचं, आपल्या डोळ्यांनी आणखी कुणीतरी बघतंय. हे सगळं वेड्यासारखं आहे, हे तिला कळत होतं. पण त्या वेडात एक सुख होतं. इतकी वर्षं जिची आठवण काढायलासुद्धा काही नव्हतं, एक चेहरा नव्हता, एक रडणं नव्हतं, तिचा पत्ता अचानक मिळाला होता आणि तो तिच्याच कातडीच्या आत होता. त्याच वेळी पोटातलं बाळ हलायचं. हलकं हलायचं, एखाद्या दमलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. मग तिला दोघांपुढंही स्वतःचीच लाज वाटायची.

सासऱ्यांना मामा तशी सासूबाईंना ऋतुजा आत्ती म्हणायची; त्यांना प्रथमेशनंच सगळं सांगितलं असावं. दुपारी ऋतुजा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. आत्ती येऊन समोर बसल्या आणि एक जुडी त्यांनी स्वतःकडं ओढून घेतली. पंचावन्न-साठीच्या सुवर्णाआत्ती कमी बोलायच्या. पहिल्या वेळी ऋतुजा दवाखान्यातून घरी आली तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, आता तो विषय नको काढायला. ऋतुजानं ते मनात धरलं होतं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं. "लेकराचं काहीतरी आईत राहतंय म्हणं?"

"हो."

"किती वर्षं?"

"त्या म्हणाल्या, तीस-चाळीस वर्षंसुद्धा सापडलंय काही बायकांत."

आत्तींनी बरीचशी मेथी निवडली. मग मान वर न करता म्हणाल्या, "परथमेशच्या आधी मला एक झालं होतं. मुलगा. भरल्या दिवसाचा, पण जीव नव्हता. तुझ्या मामांशिवाय कुणाला ठाऊक नाही. परथमेशलाबी नाही. मामा तर गेलेच." त्यांनी देठं बाजूला सारली. "माझ्यात असंल काय गं तो अजून?"

ऋतुजाच्या हातातली काडी तशीच राहिली. "असेल, आत्ती."

"मला का कोण जाणे वाटायचंच," आत्ती म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडेच होते, पण त्या पदरानं उगीच तोंड पुसत राहिल्या. "तुला मी गप्प बसवलं. मला वाटलं, बोललं नाही की जातंय. कुठलं जातंय?"

"मग मी काय करू सांगा."

"मी कसं सांगणार? माझा तो मला आता कळला, तर मीबी कुणाला हात लावू देणार नाही." त्यांनी निवडलेली भाजी पुढं सारली. "पण माझ्या पोटात आता कुणी भुकेलं नाही. तुझ्या आहे."

आत्ती उठून गेल्या. ऋतुजानं उरलेली मेथी निवडून संपवली. मग तिनं डॉक्टर मुजावरांना फोन लावला आणि म्हणाली, "मी येते उद्या."

मज्जा काढताना तिला दुखलं. सुई बाहेर आल्यावर तिनं काचेची ती बारीक नळी बघायला मागितली. लालसर, पाण्याहून थोडं दाट असं काहीतरी त्यात होतं. तिनं नळी हातात घेतली, ती हाताला कोमट लागली, आणि प्रयोगशाळेतल्या माणसानं हात पुढं करेपर्यंत तिनं ती मुठीत धरून ठेवली.

पेशी जगतील की नाही, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर रोज एक ओळ पाठवायच्या. आज थोड्या वाढल्या. आज नाही. आज परत वाढल्या. ऋतुजा कंट्रोल रूममध्ये बसून बेदाण्याच्या खोल्यांचं तापमान बघायची आणि मधेच फोन बघायची. मिरजेतल्या एका पोलादी भांड्यात तिची मुलगी वाढत होती. बाळंतपणात जे बघायचं राहिलं ते ती आता असं दुरून, एकेका ओळीनं बघत होती. प्रथमेशही ओळ आली की विचारायचा, "काय म्हणतायत?" पण कुणाबद्दल विचारतोय ते तो शब्दात आणायचा नाही.

एके दिवशी ओळ आली, उद्या या.

पहिली पिशवी लहान होती. तिच्यावर ऋतुजाचं नाव छापलेलं होतं आणि खाली, दाता: अपत्य पहिले. नर्सनं नळी जोडली. सगळे तिच्या चेहऱ्याकडं बघत उभे राहिले, कारण आजवरच्या प्रत्येक पिशवीला तिला थंडी वाजून ताप भरला होता. या वेळी थंडी वाजली नाही. रक्त थेंबाथेंबानं उतरत राहिलं. ऋतुजा ते दंडापर्यंत येताना बघत होती. अंगात काही वेगळं वाटतंय का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं नाही म्हणून मान हलवली. वाटत नव्हतंच. वाटावं म्हणून ती डोळे मिटून वाट बघत होती.

दर आठवड्याला एक पिशवी मिळू लागली. महिन्याभरात हिमोग्लोबिन आठवर गेलं. तळहात गरम राहू लागले. जिना चढून वर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण मधे थांबलो नाही. पडद्यावर वारेच्या मधोमध आधी जांभळे ठिपके दिसू लागले, मग ते लाल झाले, मग एकमेकांना मिळाले. वार आधीच पसरून बसली होती, फांद्या काढून तयार होती. तिला फक्त रक्त हवं होतं. ते मिळाल्यावर तिनं बाळाला असं काही भरवायला सुरुवात केली, की डॉक्टर मुजावर एकदा पडद्याकडं बघत स्वतःशीच हसल्या.

आनंद ऋतुजालाही झाला. पण प्रत्येक पिशवी संपली की ती रिकामी होताना तिला काहीतरी निसटल्यासारखं वाटायचं. लाल पेशी तीन-चार महिने जगते, हे तिला आता माहीत होतं. मूळ पेशी मिरजेच्या भांड्यात भराभर रक्त होऊन संपत चालल्या होत्या. मुलगी कामाला लागली होती, आणि काम करता करता कमी होत होती.

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं, की भांड्यातून आता आणखी काही निघणार नाही. "पण पोचलो आपण," त्या म्हणाल्या. शेवटची पिशवी चढत असताना प्रथमेश आत आला आणि खुर्ची ओढून बसला. पिशवी पूर्ण रिकामी होईपर्यंत तो तिच्याकडं बघत बसला. त्या पाच दिवसांत तो असाच बसला असेल, असं ऋतुजाला वाटलं.

आठवड्याभरात मुलगी झाली. दोन किलो तीनशे ग्रॅम. रडली ती मोठ्यानं, आणि ऋतुजानं ते पहिल्या श्वासापासून ऐकलं.

वार पडल्यावर तिनं ती दाखवायला सांगितली. ट्रेमध्ये ती जाड, पसरट होती, बाळाच्या मानानं फार मोठी. एका बाजूला फिकट, जवळजवळ पांढरे कडक पट्टे होते. "हे पहिल्या महिन्यांतले," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "तेव्हा इथलं सगळं वाळत चाललं होतं." उरलेला भाग गर्द लाल होता. ऋतुजानं एक बोट त्या लाल भागावर टेकवलं आणि मग ट्रे नेऊ दिला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. बाळ ऋतुजाच्या मांडीवर झोपलं होतं.

"नाळेतलं रक्त आम्ही नेहमीच तपासतो," त्या म्हणाल्या. "तुमची तब्येत छान आहे. बाळंतपण झाल्यामुळे तुमची मज्जा जागी होतेय, आता दुसऱ्याच्या रक्ताची गरज लागणार नाही. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी बोलावलंय. बाळाच्या रक्तात मला थोड्या पेशी सापडल्या. हिच्या नाहीत. तुमच्याही नाहीत."

ऋतुजानं बाळाला जवळ घेतलं. काय येणार ते तिला कळलं होतं, तरी तिनं विचारलं, "पिशवीतून गेल्या?"

"पिशवीतल्या पेशींना केंद्रकच नव्हतं, त्या ओळखूच आल्या नसत्या. या केंद्रकासकट आहेत, जनुकं तुमच्या थोरलीची. त्या मज्जेतल्या नव्हत्या, तुमच्या अंगात आणखी कुठंतरी असणार. तिथून निघून, वार ओलांडून, आपल्या आपण गेल्यात. असं होतं कधीकधी. थोरल्या भावंडाच्या पेशी आईमधून धाकट्याकडं जातात."

"टिकतील?"

"सांगता येत नाही. महिन्याभरात नाहीशा होतील, किंवा ही म्हातारी होईपर्यंत राहतील. दरवर्षी एक थेंब रक्त घेऊन बघता येईल. बघायचं का?"

ऋतुजानं मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं. बंद पापण्या, फुगलेले ओठ, कपाळावरची बारीक लव. त्या चेहऱ्यात दुसरा चेहरा शोधायला तिची नजर निघालीच होती. तिनं ती थांबवली.

"नको," ती म्हणाली. "हिच्याकडं मी हिलाच बघायला पाहिजे. दरवर्षी तपासत बसले तर तिलाच शोधत राहीन."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पडदा बंद केला.

गाडीत बाळाला मागच्या सीटवरच्या पाळण्यात ठेवून ऋतुजा तिथंच शेजारी बसली. दुपारचं ऊन होतं. आत्ती भाकरतुकडा ओवाळायला घरी दारात थांबल्या होत्या. कुठवर आलात म्हणून त्यांचा एक फोन येऊन गेला होता. मिरज मागं पडल्यावर बागांची पांढरी छतं सुरू झाली. ऋतुजा खिडकीतून बघत होती. तिला आनंद होता, आणि त्या आनंदात एक जागा तशीच होती, कुणी भरली नाही अशी. ती बुजावी असंही तिला आता वाटत नव्हतं.

प्रथमेशनं गाडी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली घेतली.

"काय झालं?"

"काही नाही." तो समोर बघत होता. "तिला केस होते. भरपूर. एवढ्याशा डोक्यावर मावायचे नाहीत. टोपी सरकायची सारखी."

ऋतुजा खिडकीकडून त्याच्याकडं वळली.

"तू विचारलं होतंस. मला सांगता येईना. सांगायला लागलो तर मी मोडेन, असं वाटायचं. आणि तू तर आधीच..." त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. "उचकी लागायची तिला. अख्खी हलायची. सिस्टर म्हणायच्या, वाढायला लागली म्हणजे उचकी लागते. मी दिवसभर मोजत बसायचो. पेटीला एक भोक होतं, तिथून बोट आत घालू द्यायचे. घातलं की धरायची. घट्ट. एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे."

मागं बाळ झोपेतच कुरकुरलं आणि पुन्हा गप्प झालं. ऋतुजानं पुढं वाकून प्रथमेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"कान कसे होते?" तिनं विचारलं.

"तुझ्यासारखे. वरून जरा दुमडलेले."

"अजून?"

आत्तींचा फोन पुन्हा वाजायला लागला. प्रथमेशनं तो उपडा ठेवला, गाडी बंद केली, आणि मागं वळून बसत पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.